शेतीच्या सरकारी पैशाची यादी: कोकणातल्या गावानं ती कशी मिळवावी आणि कशी वाचावी

आपल्या गावात शेतीच्या नावानं सरकारचा किती पैसा आला आणि तो कोणाकोणाला मिळाला, हे विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येकाला आहे. आंब्याच्या कलमांच्या मोठ्या बागायतदाराला आहे, पाच गुंठ्यांत भात लावणाऱ्याला आहे आणि जिच्या नावावर सातबाराच नाही अशा मजूर बाईलाही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयांनी कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी दिलेल्या आहेत. त्यातली बारावी बाब अनुदानाची: योजना कशी राबवली, किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण.

तरीही कोकणात या याद्या फारशा वाचल्या जात नाहीत. रकमा लहान, जमीन तुकड्यातुकड्यांत, निम्मे खातेदार मुंबईत आणि भावकीत वैर नको म्हणून सगळे गप्प. माझा अनुभव असा की यादी घेऊन बसलं की खोटा लाभार्थी सापडण्याच्या आधी सुटलेली माणसं सापडतात. सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीत राबणारी विधवा, वारस नोंद अडकलेला भाऊ, पैसे भलत्याच बँक खात्यात गेलेली म्हातारी. यादी मागायची ती आधी या माणसांसाठी, आणि हे मनात पक्कं असेल तर पुढची सगळी कामं कमी भांडणात होतात.

आधी आपल्या घराचं पाहा

दुसऱ्याचं नाव शोधण्याआधी आपली कागदपत्रं एका फायलीत लावा. चालू सातबारा, ८अ चा (आपल्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा) उतारा, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, विमा भरला असेल तर त्याची पावती. २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, तो काढला नसेल तर आधी काढा.

पासबुक नीट वाचा. पैसे आधारच्या आधारे येतात तेव्हा ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, तिथे ते जातात. मोबाइलचं सिमकार्ड घेताना उघडलं गेलेलं पेमेंट बँकेचं खातं, मुंबईत नोकरीत असतानाचं जुनं पगाराचं खातं, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं हप्ते पडून राहतात आणि माणूस मात्र तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की कोणती बँक जोडलेली आहे ते कळतं. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचं हे एवढं एक काम केलंत तरी बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

पीक कर्ज घेतलेल्यांनी आणखी एक पाहावं. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यालाही पीक विमा ऐच्छिक झाला, पण विमा नको असेल तर तसं मुदतीआधी बँकेला लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर हप्ता कापला जाऊ शकतो. म्हणजे आपण विमाधारक आहोत हे कर्जदाराला ठाऊकच नाही, असंही होऊ शकतं.

पैसा कोणकोणत्या वाटेनं येतो

वाट कळली की कोणत्या कार्यालयात जायचं ते कळतं.

पीएम-किसान ही केंद्राची योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना २०२३ पासून तेवढीच रक्कम देते आणि तिचे पात्रतेचे निकष पीएम-किसानचेच आहेत.

दुसरी वाट महाडीबीटीची, म्हणजे राज्याच्या योजनांसाठी ऑनलाइन अर्ज करायच्या पोर्टलची: पॉवर टिलर, ग्रास कटर, ठिबक, शेततळं, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. फुंडकर योजनेत कोकणासाठी क्षेत्राची मर्यादा वेगळी आहे, १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. त्याआधीची मोठी लागवड रोजगार हमीतून झाली. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि आपल्याकडच्या कितीतरी कातळांवर आंबा-काजू उभा राहिला तो त्या पैशातून.

तिसरी वाट आंबा-काजूच्या हवामान आधारित फळपीक विम्याची. शेतकरी विमा संरक्षित रकमेच्या किमान ५ टक्के हप्ता भरतो, बाकीचा बराचसा भार केंद्र आणि राज्य उचलतात. म्हणजे विमा कंपनीकडे जाणारा तो पैसाही सार्वजनिक आहे.

चौथी वाट नुकसानभरपाईची. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ चं तौक्ते आणि दरवर्षीचा अवकाळी. पंचनामा गावात होतो, यादी तहसीलमध्ये तयार होते.

जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाच्या योजनाही आहेत, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी विहिरीपासून पंपापर्यंत. त्यांची माहिती पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे मिळते.

घरबसल्या काय दिसतं

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर 'बेनिफिशियरी लिस्ट' असा भाग आहे. राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की गावाची यादी उघडते. त्यासाठी कोणाचा पासवर्ड लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. शेजारीच 'नो युअर स्टेटस' मध्ये स्वतःच्या नोंदणी क्रमांकावरून हप्ता का अडला ते कळतं: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), जमिनीची नोंद की आधार-बँक जोडणी. १५५२६१ हा त्यांचा मदत क्रमांक.

महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर निधी वितरित झालेल्या लाभार्थ्यांची यादी गावनिहाय पाहता येते. रोजगार हमीच्या कामांचं मनरेगाचं संकेतस्थळ तर याहून खुलं आहे. ग्रामपंचायतनिहाय कामं, खर्च, हजेरीपट, कोणी किती दिवस काम केलं, सगळं तिथे नोंदलेलं असतं.

नुकसानभरपाईच्या यादीत प्रत्येक खातेदाराला विशिष्ट क्रमांक दिलेला असतो. ई-केवायसी बाकी असेल तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ती करावी लागते, मग रक्कम जमा होते. हे क्रमांक गावात तलाठ्याकडे येतात. यादी चावडीवर लागली नाही आणि मुंबईतल्या खातेदाराला कोणी कळवलं नाही तर मंजूर झालेली रक्कम तशीच पडून राहते. कोकणात असं फार होतं, म्हणून त्या यादीचा फोटो मुंबई मंडळाच्या मंडळींपर्यंत पोहोचेल अशी एक जबाबदार व्यक्ती वाडीनं ठरवून ठेवावी.

आणखी एक कागद हाताशी हवाच: त्या योजनेचा किंवा त्या नुकसानीचा शासन निर्णय. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो विभागानुसार सापडतो. नुकसानीसाठी महसूल व वन विभाग किंवा मदत व पुनर्वसन, योजनांसाठी कृषी विभाग. दर, मर्यादा आणि अटी त्यात असतात. तो हातात नसताना यादीवर बोलायला जाऊ नये, पहिल्याच प्रश्नाला आपण अडकतो.

कार्यालयात जाऊन पाहणं

तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन सांगा, "कलम ४ खालची सतरा बाबींची फाइल पाहायची आहे." बहुतेक कार्यालयांत ती असते, कधी अद्ययावत, कधी चार वर्षांपूर्वीची. राज्य शासनानं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेल्या निर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या आणि त्यांच्या अधिपत्याखालच्या कार्यालयांत नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. जाताना त्या निर्णयाची छापील प्रत जवळ ठेवा, कारण खालच्या कर्मचाऱ्याला तो ठाऊक असेलच असं नाही.

फाइल पाहताना वही घेऊन बसा. तिथल्या माणसांशी सरळ आणि नीट बोला. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना आपण अजून कृषी सहायकच म्हणतो त्यांच्याकडे, अनेक गावं असतात आणि तेच पुढे आपल्या सुटलेल्या माणसांचे अर्ज मार्गी लावणार असतात. त्यांना आरोपी ठरवून सुरुवात केली तर गावाचंच काम अडतं.

माहिती अधिकाराचा अर्ज

फाइलमध्ये यादी नसेल किंवा दाखवली नाही तर अर्ज करा. महाराष्ट्रात तो जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात करायचा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. ऑनलाइनही करता येतो. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम आहे. तो मोडला तर अर्ज परत येऊ शकतो. माहिती का हवी हे सांगावं लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे.

नुकसानभरपाईसाठी तहसील कार्यालयाकडे, महाडीबीटी आणि फळबागेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, फळपीक विम्यासाठी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

मजकूर असा ठेवता येईल:

विषय: मौजे ______, तालुका ______ येथील फळबाग नुकसानीच्या मदतीचे वाटप.
कालावधी: दि. ______ ते दि. ______.
१) वरील गावात वाटप झालेल्या मदतीच्या अंतिम यादीची प्रत. त्यात लाभार्थ्याचे नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, मंजूर रक्कम व रक्कम जमा झाल्याची तारीख असावी.
२) मदतीचा दर ज्या शासन निर्णयाने ठरला त्याची प्रत.
३) पंचनामा झाला परंतु मदत नाकारली किंवा प्रलंबित आहे अशा खातेदारांची यादी, कारणासह.
आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक मला नको आहेत. कलम १० नुसार ते वगळून प्रत द्यावी. ही माहिती कलम ४(१)(ख) मधील बाराव्या बाबीखाली स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे.

तिसरा मुद्दा कधीही वगळू नका. मिळालेल्यांची यादी सगळे मागतात, न मिळालेल्यांची कोणी मागत नाही, आणि गावाच्या खऱ्या कामाची तीच असते.

कालावधी एक-दोन वर्षांचाच ठेवा. "योजना सुरू झाल्यापासून आजपर्यंत" असं लिहिलं की शेकडो पानांचा हिशेब येतो. प्रत्येक पानाला २ रुपये पडतात. त्यापेक्षा आधी अभिलेख पाहायला मागा आणि हवी तेवढीच पानं घ्या.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांच्या स्टँपवर अपील. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आपल्यासाठी आयोगाचं कोकण खंडपीठ नवी मुंबईत बेलापूरला कोकण भवनात आहे. विनाकारण माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे तारीख यायला फार वेळ लागतो, म्हणून पहिलं अपील मन लावून लिहा. बरीचशी माहिती तिथेच मिळते.

"ही वैयक्तिक माहिती आहे" असं उत्तर आलं तर

हे उत्तर आता जास्त ऐकू येईल, म्हणून जरा खोलात जातो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायची तरतूद आहे. आधी तिला अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहितीच नाकारता येत असे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असं परंतुक होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नं हे सगळं काढून तिथे फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला.

मला हा बदल गावाच्या दृष्टीनं नुकसानीचा वाटतो. पण त्यानं सगळं दार बंद झालेलं नाही. कलम ४ मधली लाभार्थ्यांच्या तपशिलाची बारावी बाब जशीच्या तशी आहे. जे कार्यालयानं न मागता प्रसिद्ध करायचं, ते मागितल्यावर खासगी कसं ठरेल, हा प्रश्न अपिलात विचारा. कलम ८(२) ही शाबूत आहे: होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात जनहित नेमकं सांगा. "भ्रष्टाचार उघड करायचा आहे" असं मोघम लिहिण्यापेक्षा "या वाडीतल्या पंचनामा झालेल्या अमुक खातेदारांना रक्कम मिळालेली नाही, अंतिम यादीशी ताडून पाहायचं आहे" असं लिहिलं तर वजन पडतं. आणि आधार, बँक, मोबाइल आपण आधीच नको म्हटलेलं असतं, त्यामुळे खासगीपणाचा मुद्दा फारसा उरतच नाही.

हा पेच फक्त आपला नाही. युरोपीय महासंघात शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं आणि रकमा प्रसिद्ध होत असत. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या न्यायालयानं व्यक्तींची नावं अशी सरसकट देणं प्रमाणाबाहेर आहे असं ठरवलं. मग २०१३ च्या नियमांत मार्ग निघाला: अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची नावं झाकायची, बाकीच्यांची प्रसिद्ध करायची. आपल्याकडे राजस्थाननं २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू करून बऱ्याच योजनांची माहिती स्थानिक पातळीपर्यंत खुली केली. माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्येच आणणाऱ्या महाराष्ट्रानं याहून मागे राहू नये असं मनापासून वाटतं.

नाव, गाव, योजना, क्षेत्र आणि रक्कम हे गावासमोर यावं. आधार, खाते क्रमांक, फोन, आजारपण, जात हे येऊ नये. हाती आलेल्या कागदावर असं काही चुकून राहिलं असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी काळ्या शाईनं खोडा. म्हाताऱ्या माणसांचे आधार आणि खाते क्रमांक फसवणूक करणाऱ्यांच्या हाती लागणं ही गावाची खरी हानी आहे.

यादी वाचताना

इथे घाई करू नका.

पहिलं, नावावरून काहीही ठरवू नका. कोकणात एका वाडीत एकच आडनाव. एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोघे-तिघे सहज निघतात. पीएम-किसानच्या यादीत दोनदा आलेलं नाव हे दोन वेगळे चुलतभाऊ असू शकतात. ८अ चा खाते क्रमांक किंवा गट क्रमांक जुळवल्याशिवाय कोणाच्या नावावर खूण करू नये.

दुसरं, सामाईक सातबारा. एका उताऱ्यावर वीस नावं, त्यातली काही माणसं वारलेली, काही बोरिवली-विरारला. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. त्यामुळे सामाईक उताऱ्यावरच्या चार विवाहित भावांची चार कुटुंबं होतात आणि निकषात बसत असतील तर चौघेही पात्र ठरतात. "एका सातबाऱ्यावर एकालाच" हा गैरसमज गावोगाव पसरलेला आहे आणि त्यापायी धाकट्या भावांची घरं बाहेर राहिली आहेत. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर असायला हवी ही अट खरी, पण त्यानंतर खातेदार वारल्यामुळे वारसाच्या नावावर आली असेल तर वारसाला लाभ घेता येतो. म्हणजे वारस नोंद करून घेणं हे पहिलं काम.

नुकसानभरपाईचं याच्या उलट आहे. तिथे रक्कम क्षेत्रावर ठरते, माणसांवर नाही. सामाईक क्षेत्राची रक्कम एकाच्या खात्यात यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि मुंबईतल्या एका चुलत्याची सही मिळत नाही म्हणून सगळ्यांची रक्कम अडते. यादीत 'प्रलंबित' दिसणाऱ्या नोंदी या बहुधा अशा असतात. गणपतीला नाहीतर शिमग्याला सगळे घरी येतात, तेव्हा संमतीपत्रांचा छापील नमुना तयार ठेवा आणि त्या चार दिवसांत सह्या करून घ्या.

तिसरं, भागाकार करा. रक्कम भागिले क्षेत्र, आणि आलेला दर शासन निर्णयाशी ताडा. उदाहरणार्थ, राष्ट्रीय आपत्तीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत आणि किमान २,५०० रुपये असा दर आहे. सातबाऱ्यावर ०.२०.०० म्हणजे २० आर, आपल्या बोलण्यातले साधारण वीस गुंठे. तेवढी बाग पूर्ण बाधित असेल तर ४,५०० रुपये. ९,००० दिसले तर क्षेत्र दुप्पट धरलंय का ते पाहायचं, २,५०० दिसले तर क्षेत्र कमी लिहिलंय का ते. पण राज्य सरकार कधी कधी वाढीव दर देतं. निसर्ग वादळानंतर फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले आणि माड-पोफळींची मदत झाडाच्या संख्येवरही मोजली गेली, कारण आपल्याकडच्या परसातल्या वाड्या हेक्टरच्या हिशेबात बसतच नाहीत. म्हणून त्या त्या घटनेचाच निर्णय लावायचा, मागच्या वर्षीचा नाही.

फळपीक विम्यात हा भागाकार सर्वांत कामाचा आहे. इथे तुमच्या बागेत येऊन कोणी नुकसान मोजत नाही. तुमच्या महसूल मंडळातल्या (काही गावांच्या मिळून केलेल्या गटातल्या) हवामान केंद्रानं नोंदवलेला पाऊस, तापमान, वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की त्या मंडळातल्या त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांना हेक्टरी सारखीच रक्कम मिळते. गारपिटीचं वेगळं संरक्षण घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा एकाच मंडळातल्या दोन आंबा बागायतदारांचा हेक्टरी दर वेगळा निघाला तर कुठेतरी चूक आहे, आणि ती लेखी विचारायला पुरेसा आधार तुमच्याकडे आहे. सगळ्या मंडळालाच काही मिळालं नाही आणि मोहोर तर डोळ्यांदेखत काळा पडला, असं असेल तर त्या केंद्राच्या विमा कालावधीतल्या रोजच्या नोंदी मागा आणि शासन निर्णयातल्या तक्त्याशी तारीखवार जुळवा. केंद्र कुठे बसवलंय तेही जाऊन पाहा. खाडीकाठच्या केंद्राचं तापमान आणि सड्यावरच्या बागेचं तापमान एक नसतं, आणि ही तक्रार पुराव्यानिशी सगळ्या मंडळानं मिळून केली तरच पुढे जाते.

विम्यात दुसरा गुंता करारानं दिलेल्या बागांचा. मालक रत्नागिरीत, बाग दुसऱ्यानं घेतलेली, हंगाम तिसराच सांभाळतोय. विमा कोणी काढला? दोघांनीही काढला का? नोंदणीकृत करार नसताना काढला का? आणि विमा उतरवलेलं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या फळबागेच्या क्षेत्राशी जुळतं का? ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पिकांच्या नोंदीत, त्या गटात आंबा नोंदलेलाच नसेल तर प्रश्न उभा राहतो.

फळबाग लागवड आणि रोजगार हमीच्या कामांसाठी यादी घेऊन प्रत्यक्ष जागेवर जावं लागतं. खड्डे, कलमं, कुंपण, पाणी. कातळावर मारलेल्या खड्ड्यांत दुसऱ्याच वर्षी गवत असेल आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता मात्र निघाला असेल, तर ते लिहून ठेवा. वणव्यात बाग जळणं हेही आपल्याकडचं खरं कारण आहे, म्हणून आधी मालकाला विचारा.

गावासमोर मांडणं

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात आणि कायद्यानं तिला वैयक्तिक लाभाच्या योजनांच्या लाभार्थ्यांबाबत अधिकार दिलेले आहेत. गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी असेल ती. सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांना, लेखी पत्र देऊन विषय घ्यायला सांगा: शेती योजनांच्या लाभार्थी यादीचं वाचन, आणि ती दर सहा महिन्यांनी फलकावर लावण्याचा ठराव. आयत्या वेळी उठून कोणाचं नाव घेतलं की सभा तिथेच फिसकटते.

त्याआधी वाडीची बैठक घ्या. ज्यांच्या नोंदीत गोंधळ दिसतो त्यांच्या घरी आधी जा आणि विचारा. सभेत वाचताना सुटलेल्यांपासून सुरुवात करा: या बारा घरांना हप्ता मिळत नाही, कारणं ही, कागद हे लागतील. बायकांना पुढे बसवा. जमीन नवऱ्याच्या नावावर असलेल्या घरात पैसा आला की नाही हे अनेकदा त्यांना सांगितलेलंच नसतं. चुकीच्या नोंदी शेवटी आणि शक्यतो गट क्रमांकानं घ्या.

चूक सापडल्यावर

पात्र असून सुटलेला असेल तर त्याचा अर्ज, सातबारा, आधार-बँक जोडणी एकत्र करून तालुका कृषी कार्यालयात द्या. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

मयत माणसाच्या खात्यात हप्ते येत राहिले असतील तर घरच्यांना चोर म्हणू नका. मृत्यूचा दाखला देऊन लाभ थांबवायचा, वारस नोंद करायची आणि वारस पात्र असेल तर त्याची नव्यानं नोंदणी करायची, हे त्यांना समजावून सांगा.

आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी कर्मचारी आणि निवृत्त, महिना १०,००० रुपये किंवा जास्त पेन्शन असलेले, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल यांना पीएम-किसान मिळत नाही. आपल्याकडे मुंबईतून निवृत्त होऊन गावी आलेल्या अनेकांनी हे न वाचताच सेवा केंद्रात अर्ज भरलेला असतो. घेतलेली रक्कम त्यांच्याकडून वसूल केली जाते. पोर्टलवर लाभ स्वतःहून सोडण्याची आणि रक्कम परत भरण्याची सोय आहे. नोटीस येण्याआधी भरणं केव्हाही बरं, आणि हे सांगायला शेजाऱ्यापेक्षा घरातलं माणूस गेलेलं चांगलं.

बनावट बाग, दुप्पट क्षेत्र, दुसऱ्याच्या जमिनीवर काढलेला विमा असं काही ठाम सापडलं तर मात्र मागे हटू नका. उतारा, यादीचं पान, जागेचे तारखेसह फोटो आणि शासन निर्णय एकत्र जोडून विम्यासाठी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे, नुकसानभरपाईसाठी तहसीलदारांकडे आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. एकट्यानं सही करू नका. पाच-सहा खातेदारांची नावं असू द्या, त्यात एखादी ग्रामपंचायत सदस्यही असली तर उत्तम. महिनाभरात काही हाललं नाही तर त्याच तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची माहिती मागणारा नवा अर्ज, पुन्हा १० रुपयांच्या स्टँपवर, त्याच कार्यालयात टाका.